गड घेतल्यानंतर

पन्हाळ्यावर गेलं, की कोंडाजी फर्जंदाची गोष्ट कानावर पडतेच. साठ गडी, काळोखी रात्र आणि सकाळ व्हायच्या आत गड ताब्यात. साल १६७३. गोष्ट तिथंच थांबते. ऐकणाऱ्यालाही पुढचं नको असतं. मला मात्र अलीकडे लढाईपेक्षा लढाईनंतरच्या दिवसांचं कुतूहल जास्त वाटतं. जिंकलेल्या माणसाची खरी पारख तेव्हा होते.

याच गडावर १८४४ साली गडकऱ्यांनी बंड केलं. कोल्हापूरचे राजे अल्पवयीन होते आणि कारभार इंग्रजांनी नेमलेल्या दाजी कृष्ण पंडितांच्या हाती होता. पिढीजात जमिनी आणि चाकरीवर गदा येते म्हटल्यावर सामानगड पेटला, मग पन्हाळा. साताऱ्याचे रेसिडेंट कर्नल ओव्हान्स यांना पकडून गडकऱ्यांनी इथंच डांबलं होतं. डिसेंबरात इंग्रजी तोफांनी गड पडला, गडकऱ्यांची शिबंदी मोडली. चार दरवाजाही तेव्हाच पाडला; आज त्याचे अवशेष तेवढे आहेत. हे लोक शूर होते, पण भांडत होते आपापल्या हक्कासाठी. राज्य कुणाच्या संमतीनं चालावं, हा प्रश्न त्यांच्यापुढं नव्हताच.

तो प्रश्न घेऊन इराणात माणसं १९०६ साली रस्त्यावर आली. मजलिस, म्हणजे संसद, मिळाली. दोन वर्षांत शहानं तिच्यावर तोफा डागल्या. तेव्हा तिच्या बाजूनं लढायला उभा राहिलेला एक सेनानी इराणी नव्हताच. येप्रेम खान हा आर्मेनियन. रशियानं काळ्या पाण्यावर धाडलेला, तिथून निसटून इराणातल्या रश्तला आलेला. १९०९च्या जुलैत बख्तियारी टोळ्यांसह त्यानं तेहरान घेतलं. शहा पदच्युत झाला, मजलिस पुन्हा भरली आणि येप्रेम शहराचा पोलीसप्रमुख झाला. पुढच्याच वर्षी त्याला सत्तार खान या जुन्या साथीदाराच्या लोकांची शस्त्रं बळानं काढून घ्यावी लागली. १९११च्या नोव्हेंबरात रशियानं निर्वाणीचा इशारा दिला, मजलिस नमेना. डिसेंबरात तिची दारं बंद केली ती येप्रेमच्याच पोलिसांनी. मे १९१२ मध्ये हमदानजवळच्या लढाईत तो मारला गेला.

त्याला गद्दार म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण रशियन फौजा देशात शिरलेल्या असताना दुसऱ्या कुणी काय केलं असतं?

आमच्या जिल्ह्यातला एक माणूस अशा वेळी हटकून आठवतो. निमशिरगावचे रत्नाप्पाण्णा कुंभार. १९३९ साली माधवराव बागलांच्या बरोबरीनं त्यांनी कोल्हापूर संस्थानात प्रजापरिषद उभी केली. मागणी होती जबाबदार राज्यपद्धतीची. बेचाळीसच्या चळवळीत अण्णा भूमिगत झाले आणि कित्येक वर्षं सरकारच्या हाती लागले नाहीत. तेच अण्णा पुढं संविधान सभेत बसले आणि घटनेच्या प्रतीवर त्यांनी सही केली. नंतर खासदारकी, आमदारकी, राज्यमंत्रिपद, इचलकरंजीचा पंचगंगा साखर कारखाना. सरकारी वॉरंट चुकवत हिंडलेला माणूस मतं मागत दारोदार फिरला.

अण्णा मोठे आणि येप्रेम खुजा, असा निवाडा मी देणार नाही. अण्णांच्या वाट्याला इंग्रज निघून गेलेला देश आला. येप्रेमच्या दाराशी परकी फौज होती. शिवाय अण्णांची सही शेकडो सह्यांतली एक होती. घटना त्यांच्या एकट्याच्या मनगटावर उभी नव्हती, आणि हेच तिचं बळ. तेहरानात मात्र मजलिस भरली ती येप्रेमच्या बंदुकीमुळं, म्हणून बंदही त्याच बंदुकीनं होऊ शकली.

आपण पुढाऱ्याचं शौर्य मोजतो, त्याग मोजतो, तुरुंगातली वर्षं मोजतो. मोजावीतच. पण एखाद्या शूर, सज्जन माणसाच्या मर्जीवर जे सभागृह चालतं, त्याला लोकांचं सभागृह म्हणता येत नाही. मग तो माणूस कितीही आपला असो.