गच्चीची किल्ली

३१ मे २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने कोरोनाची टाळेबंदी टप्प्याटप्प्याने उठवणारा ‘मिशन बिगिन अगेन’चा आदेश काढला. काय चालू, काय बंद, कुठे किती माणसं, अशा कोरड्या कलमांमध्ये एक कलम मोकळ्या हवेचं होतं. ३ जूनपासून पहाटे ५ ते संध्याकाळी ७ या वेळेत चालायला, पळायला, सायकल चालवायला परवानगी. किनाऱ्यावर, मैदानावर, बागेत. सायकल चालवा, त्यात अंतर आपोआप राखलं जातं, असा आग्रहही होता. सरकारी कागदात व्यायामाविषयी इतकी आस्था क्वचितच दिसते. पुढे एक अट होती: लांब जायचं नाही, घराजवळच्या मोकळ्या जागेतच फिरायचं.

घराजवळची मोकळी जागा! मुंबईत या शब्दांपाशी कितीतरी माणसं अडली असतील.

त्याआधीच्या दहा आठवड्यांत लोकांना आपलीच इमारत पहिल्यांदा नीट दिसली होती. एरवी सोसायटीच्या गच्चीला कुलूप असतं. किल्ली सेक्रेटरीकडे, नाहीतर वॉचमनकडे. वर जाणार कोण, तर टाकी धुणारे, केबलवाला आणि कोजागरीला दूध आटवणारी मंडळी. टाळेबंदीत अनेक ठिकाणी ते कुलूप निघालं आणि किल्लीला एकदम मोल आलं. व्हॉट्सॲपवर वेळा ठरल्या. ए विंग सहा ते सात, बी विंग सात ते आठ.

गच्चीवर सरळ चालता येत नाही. टाकीला वळसा घालायचा, लिफ्टच्या मशीनरूमपाशी मागे फिरायचं, वाटेतला पाइप ओलांडायचा, डिश अँटेनाच्या तारा चुकवायच्या. पायाखाली चायना मोझॅकचे पांढरे तुकडे, एप्रिलच्या उन्हाने असे तापलेले की सूर्य कलल्यावरही धग चपलेतून जाणवावी. कठड्यालगत कुणाच्या साबुदाण्याच्या पापड्या पसरलेल्या. तिथे पाऊल आपसूक जपून पडे. फेरी जेमतेम शंभर पावलांची. गरगरू नये म्हणून काहीजण आठाचा आकडा काढत चालत. मोजणी चुकू नये म्हणून कठड्यावर खडे मांडून ठेवत. प्रत्येक फेरीला एक खडा इकडून तिकडे. ज्या बायका आजवर वाळवणं घालायलाच वर यायच्या, त्या आता रिकाम्या हातांनी आल्या, नुसत्या चालायला. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरही कुणीतरी तशाच फेऱ्या मारत असे. दोन्हीकडून हात हलत. वर्षानुवर्षं समोरासमोर राहिलेल्या माणसांची ओळख अशी आकाशाखाली झाली, ही त्या दिवसांतली फार सुंदर गोष्ट आहे.

पण गच्ची सगळ्यांना नव्हती. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची, एका मजल्यावर २० खोल्या, मध्ये सामाईक बोळ आणि शौचालयंही सामाईक. तिथे फेरी मारायची कुठे? धारावीत दोन-अडीच चौरस किलोमीटरांत लाखो माणसं. घरातच थांबा, हा सल्ला तिथे जितका जड होता, तितकाच रोज अर्धा तास चाला, हाही.

जगात इतरत्रही जागेनेच व्यायाम ठरवला. फ्रान्समध्ये घरापासून एक किलोमीटर आणि दिवसातून एक तास, एवढीच मोकळीक होती. ८ एप्रिलपासून पॅरिसने सकाळी १० ते संध्याकाळी ७ या वेळेत पळायलाही मनाई केली. तुलूजजवळच्या एकाने सात मीटरच्या बाल्कनीत येरझाऱ्या घालत ४२ किलोमीटरांची मॅरेथॉन पुरी केली. इंग्लंडमध्ये शंभरीला टेकलेले कॅप्टन टॉम मूर आपल्या २५ मीटरच्या अंगणात वॉकर धरून शंभर फेऱ्या चालले आणि आरोग्यसेवेसाठी तीन कोटींहून अधिक पौंड जमले. दोघांची जिद्द वंदनीयच. तरी एकाकडे बाल्कनी होती आणि दुसऱ्याकडे अंगण. व्यायामाला इच्छा लागते, पण त्याआधी जमीन लागते.

म्हणूनच जूनमध्ये मरीन ड्राइव्हवर गर्दी झाली तेव्हा बेशिस्तीचा जो ठपका लोकांवर बसला, तो अपुरा होता. संसर्गाची भीती खरी होती. पण ज्याच्या वाट्याला जवळ मैदान नाही, तो समुद्राकडेच जाणार.

पुण्याची तऱ्हा निराळी. पुणेकराला व्यायाम म्हणजे टेकडी: वेताळ, हनुमान, तळजाई, नाहीतर पर्वतीच्या १०३ पायऱ्या. त्या वाटाच बंद झाल्या आणि माणसं कासावीस झाली. जिमही बंदच; राज्यात त्या उघडल्या थेट दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला. मधल्या काळात देशभर सायकलींचा खप वाढला. उत्पादक संघटनेच्या आकड्यांनुसार मे महिन्यात साडेचार लाखांच्या आसपास सायकली विकल्या गेल्या, तर सप्टेंबरमध्ये ११ लाखांहून अधिक. रस्त्यावर वाहनं नव्हती, हवा निवळली होती. पायडल मारणं सुखाचं होतं. वाहनं परतली तसं ते सुख ओसरलं. सायकलीला हौस पुरत नाही, निर्धोक रस्ता लागतो. टेकडीची ओढ मात्र ओसरली नाही. २०२३च्या एप्रिलमध्ये वेताळ टेकडी वाचवण्यासाठी पुणेकर रस्त्यावर उतरले. टेकडीची किंमत त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

शहराचा विकास आराखडा असतो आणि त्यात बागा, मैदानं यांची आरक्षणं दाखवलेली असतात. आपल्या घरापासून दहा मिनिटांत चालत पोहोचता येईल असं एखादं आरक्षण त्यात आहे का, ते वाचकांनी जरूर शोधावं. आणि कागदावर मैदान असलेल्या त्या जागी आज गोदाम किंवा पार्किंग असेल, तर वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज द्यावा.