कांबरेश्वराच्या दर्शनाची वेळ

देवळाचे दार केव्हा उघडते, हा प्रश्न प्रवासी माणसास नवा नाही. दुपारचा नैवेद्य झाला की गाभारा बंद होतो आणि लांबून आलेली मंडळी सभामंडपात पथारी टाकून बसतात. गोमंतकातील खेड्यांतून जुनी चर्चे पाहत हिंडणाऱ्यासही हाच अनुभव येतो. मिस्सेची वेळ टळली की दार लागते, आणि मग किल्लीवाल्याचा शोध सुरू होतो. परंतु ज्याच्या दाराची किल्ली ना पुजाऱ्याजवळ ना पाद्र्याजवळ, केवळ पाण्याच्या हाती आहे, असे एक शिवालय पुणे जिल्ह्यातच आहे. भाटघर धरणाच्या जलाशयात वर्षातील बहुतेक दिवस बुडून असलेला भोर तालुक्यातील कांबऱ्याचा कांबरेश्वर तो हा.

पुण्याहून सातारा रस्त्याने निघालेल्या यात्रिकाने वाटेत नसरापूरच्या बनेश्वरास अवश्य जावे. दाट झाडीतील हे पेशवेकालीन देऊळ सदा उघडे, सदा गजबजलेले. तेथील घंटेवर १६८३ हे साल आहे. ती घडविली गेली एखाद्या ख्रिस्ती प्रार्थनामंदिरासाठी. पोर्तुगीजांनी वसईच्या कोटात, त्या काळी युरोपात रूढ असलेल्या डौलदार शैलीची चर्चे उभारली होती. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली आणि त्या मुलखातील घंटा महाराष्ट्रातील देवळादेवळांतून वाटल्या गेल्या. मेणवलीस एक आहे, भीमाशंकरास एक आहे. चर्चमध्ये घंटा म्हणजे केवळ नाद नव्हे, ते गावाचे घड्याळ असते. वसईच्या चर्चांची छपरे गेली, भिंती उरल्या, आणि त्यांची वेळ सांगणारी घंटा सह्याद्रीच्या कुशीत महादेवाची वेळ सांगू लागली. देवालयांच्या वेळा देव ठरवीत नाही, इतिहास ठरवितो, हा विचार घेऊनच आम्ही पुढे निघालो.

कापूरहोळाहून भोरकडे वळले की थोड्याच वेळाने धरणाची लांबच लांब दगडी भिंत दिसू लागते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाला, त्यातून नीरेच्या कालव्यांची योजना निघाली. त्यांना पाणी पुरविण्यासाठी वेळवंडी नदीवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पहिले धरण झाले. ते अपुरे पडू लागल्यावर आजचे प्रचंड धरण बांधण्यात आले व १९२८ साली ते खुले झाले. मुंबईच्या गव्हर्नरांच्या नावावरून त्यास लॉइड धरण म्हणत. आज जलाशयास याच खोऱ्यातील भुतोंड्याच्या येसाजी कंकांचे नाव आहे. दीड किलोमीटरहून अधिक लांबीच्या या भिंतीमागे सुमारे साडेतेवीस अब्ज घनफूट पाणी मावते. जमीन बुडाली ती पंतसचिवांच्या भोर संस्थानातली. पाणी निघाले ते खाली बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे. खोऱ्यातील गावे डोंगराच्या उतारावर सरकली. देवास मात्र सरकता आले नाही.

आम्ही गेलो तेव्हा ज्येष्ठ नुकताच लागला होता. पाणी पार खाली उतरलेले, काठच्या गाळास हातहात रुंद भेगा पडलेल्या. त्या उघड्या पात्रात देऊळ उभे होते. खालचे काम मोठमोठ्या दगडांचे, वरचे विटा-चुन्याचे. वरचे ढासळले आहे, खालचे ठाम आहे. लाटांनी दगडांवरील कोरीव काम झिजवून बोथट केले आहे. पांडवांनी एका रात्रीत बांधले, असे लोक सांगतात. पिंडीवर मात्र त्या सकाळचे ताजे बेलपान होते.

शेळ्या चारीत असलेल्या एका वृद्धास आम्ही विचारले, "बाबा, देव वर केव्हा येतो?"

"त्याला तारीख न्हाई, पावनं," ते म्हणाले. "खाली उसाला पाणी सुटलं का देव वर येतो. एखाद्या साली महिनाभर ऱ्हातो, एखाद्या साली निसता कळस दावून जातो."

"आणि गाव कोठे होते?"

त्यांनी काठीने पाण्याकडे बोट केले. "आमच्या आज्याचं घर तिथं. त्ये काय वर येत न्हाई."

त्या उत्तराने आमची मंडळी बराच वेळ गप्प होती. आम्ही आलो होतो एक नवल पाहावयास. परंतु हे नवल नव्हे, हा हिशेब आहे. येथील पाण्यावर खालच्या मुलखात ऊस पिकतो, उसाची साखर होते, आणि ती साखर आपण आपल्या घरच्या देवास वाटीतून दाखवितो. आपल्या देवाच्या नैवेद्यापायी हा देव अकरा महिने पाण्यात बसतो. धरण नको होते असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. दुष्काळाच्या कथा ज्यांनी वाडवडिलांकडून ऐकल्या आहेत, ते तर मुळीच म्हणणार नाहीत. पण ज्याने घेतले त्याने कोणाकडून घेतले हे ठाऊक ठेवावे, इतके तरी आपल्या हाती आहे.

जाऊ इच्छिणाऱ्यांनी साधारणतः मे अखेर ते जूनचा पूर्वार्ध हा काळ धरावा, आणि निघण्यापूर्वी कांबऱ्यात चौकशी करावी. चांगला पाऊस सुरू झाला की देऊळ पुन्हा दिसेनासे होऊ लागते. वरून वाळलेला गाळ आत मऊ असतो, म्हणून गावकऱ्यांच्या पायवाटेनेच चालावे. मुलाबाळांस पाण्यात उतरू देऊ नये. २०२२ च्या मे महिन्यात याच जलाशयात एका कुटुंबातील पाच स्त्रिया बुडाल्या. शांत दिसणारे हे पाणी उथळ नाही.

आणि जाताना घरची चिमूटभर साखर पुडीत बांधून न्यावी. पिंडीपुढे ती ठेवल्याने ऋण फिटेल असे नव्हे. पण ज्याचे देणे आहे त्याच्या दारी एकदा तरी जाऊन यावे, ही रीत आपल्याकडे जुनीच आहे.