सालईचा डिंक : सुरत ते धडगाव

सोमवार, सुरत

भागळजवळच्या गल्लीतलं काष्ठौषधींचं दुकान. पर्वतातला डिंक म्हटल्यावर शेठनी आधी शिलाजीताची डबी काढली. उन्हाने तापलेल्या कड्यांतून लाखेसारखा पाझरणारा, गोमूत्राचा वास असलेला हा पदार्थ चरकांनी चिकित्सास्थानात वर्णिला आहे. पण तो कुमाऊँ-गढवालकडचा. मला पाहायचा होता शेजारच्या बरणीतला पिवळसर खड्यांचा माल, सालई गुग्गुळ, म्हणजे सालईच्या झाडाचा डिंक. तो सातपुड्यातला, म्हणजे इथून एका दिवसाच्या अंतरावरचा.

मी उभा असतानाच लिंबायतचा एक कारागीर आला. मूळचा शहाद्याकडचा. "शेठ, गुडघा वाकत नाही. लूमवर बारा तास उभं राहायचं कसं?" शेठनी त्याच बरणीकडे हात नेला. गुडघेदुखीसाठी त्या बरणीकडे हात नेण्याला थोडा शास्त्राचाही आधार आहे. जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या जी. बी. सिंग आणि सी. के. अटल यांनी १९८६ मध्ये सालईच्या अर्काचा सूज उतरवणारा गुण प्रसिद्ध केला. २००३ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी गुडघ्याची झीज झालेल्या ३० रुग्णांवर त्याची चाचणी घेतली; दुखणं कमी झालं, गुडघा जास्त वाकू लागला. चाचणी लहान, पण आपल्याच माणसांवरची.

मंगळवार, भुसावळच्या गाडीत

उधन्यालाच पाय ठेवायला जागा उरली नाही. होळीला गावी निघालेले सगळे. बारडोली, व्यारा, सोनगढ. नवापूरला राज्याची हद्द फलाटावरूनच जाते, अर्धं स्टेशन गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. नंदुरबारला उतरलो, एस.टी.ने प्रकाशाचा तापीपूल ओलांडून शहादा. मुक्काम तिथेच.

बुधवार, धडगावच्या वरचा डोंगर

सालई अशा जागी उगवते जिथे दुसरं मोठं झाड पाय रोवायला कचरतं. मुरमाड उतार, उघडा खडक, वर रणरणतं ऊन. फाल्गुनात अंगावर एक पान नाही. राखट-हिरवी साल कागदासारखी पापुद्र्यांनी सुटलेली. लाकूड मऊ. नेपानगरच्या कारखान्यात १९५०च्या दशकात याच लाकडाच्या लगद्यापासून वर्तमानपत्राचा कागद निघू लागला. त्यात किती उतार उघडे पडले असतील, हा विचार इथे उभं राहिल्यावर पाठ सोडत नाही.

ज्यांच्यासोबत चढलो ते पावरा जमातीचे बाबा साठी उलटलेले. त्यांनी जमिनीपासून वीतभर वर, वीतभर रुंदीची साल धारदार पात्याने तासली. वरची साल गेली, आतला लालसर थर उघडा पडला आणि हात थांबला. "लाकूड दिसलं की झाड गेलं," ते म्हणाले. राळेच्या नळ्या सालीतच असतात; लाकडात घाव घालून डिंक वाढत नाही, झाड मात्र पोखरलं जातं.

थोड्या वेळाने त्या जागी बारीक थेंब उमटले. आधी पाण्यासारखे स्वच्छ, मग दुधाळ, मग मधाच्या रंगाचे. बोटाला लागलेला थेंब चिकट होता, वास टर्पेंटाइनचा, मागे किंचित लिंबाचा. काही दिवसांनी साचलेलं खरवडायचं, जखमेची वरची कड पातळशी तासून ताजी करायची, पुन्हा थांबायचं. दिवाळीनंतर सुरू झालेलं हे काम पावसाआधी बंद होतं. बाबा वापरलेल्या झाडाला पुढची काही वर्षं हात लावत नाहीत. पलीकडच्या उतारावर मात्र चारी बाजूंनी सोललेली दोन झाडं वठलेली दिसली. बाहेरून आलेल्या टोळीचं काम. बाबा तिकडे बघून काही बोलले नाहीत, मला मात्र राग आवरला नाही.

गुरुवार, पाड्यावर

खरवडलेला डिंक लगेच विकता येत नाही. तो बांबूच्या टोपलीत भरून टोपली तिरकी ठेवतात. महिनाभर त्यातला पातळ रस खाली निथळतो. उरलेल्या चिकट गोळ्यात शंखजिऱ्याची पूड घालून लाकडी मोगरीने कुटलं की खडे सुटे होतात. मग साली-काड्या वेचून, रंगानुसार प्रतवारी. हे निवडण्याचं काम बायकांकडे. एवढं करून एका झाडाचा वर्षाचा डिंक सरासरी किलोभर.

कच्छच्या गुग्गुळाची गत आठवते. जास्त उतारा मिळावा म्हणून झुडपांना वाटेल तसे घाव घातले गेले. आज तो अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. सालईचंच भावंड असलेल्या इथियोपियातल्या धुपाच्या झाडांबद्दल २०१९ च्या अभ्यासाने सांगितलं, की बहुतेक रानांत नवी रोपं उभीच राहत नाहीत आणि वीस वर्षांत उत्पादन निम्म्यावर येईल. इथे वणवे आणि चराई आहेतच, त्यात आडदांड सोलणं परवडणारं नाही.

उपाय कायद्यात लिहिलेला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी गावाला दिली, डिंक त्यात येतो. ज्याला पुढच्या वर्षी त्याच झाडाकडे यायचं आहे तोच वीतभर सालीवर थांबतो. म्हणून विक्रीची सूत्रं ग्रामसभेच्या हाती हवीत, ठेकेदाराच्या नव्हे.

सुरतेत, नाशकात किंवा पुण्यात सालई गुग्गुळ विकत घ्याल तेव्हा तो कोणत्या डोंगरातला आणि कोणी काढलेला, एवढं दुकानदाराला जरूर विचारा. ग्रामसभेकडून आलेला मिळत असेल तर चार पैसे जास्त द्या.

(क्रमशः)