गोदाकाठचा एक दिवस

“माझ्यामुळे साऱ्यांचा खोळंबा होईल,” या संकोचाने सौभाग्यवती लातुरातच थांबणार होत्या, गुडघेदुखी जुनी. गटाने ठरविले, त्यांच्या चालीने सर्वांनी चालायचे. अहमदपूर, लोहा मागे टाकून विष्णुपुरीला पोहोचलो. धरणामागे विसावलेल्या गोदावरीचे विस्तीर्ण पाणी न्याहाळत भाकरी, अंबाडीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. पुढे नांदेड. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी येथेच देह ठेवला. सचखंड गुरुद्वारातील लंगरमध्ये पंगत जमिनीवर होती, सौभाग्यवती घुटमळल्या. एका सेवेकऱ्याने न विचारताच खुर्ची आणली. साधी डाळ-रोटी त्या तृप्तीने जेवल्या. परतीच्या गाडीत सर्वांत आधी त्याच चढल्या. ज्येष्ठांना घरी ठेवण्यापूर्वी सहलीचा वेग बदलून पाहावा.