माझ्या खुर्चीचा हिशोब

आमच्या घरात कात्री तीन पिढ्यांची, पण ती माझ्या हातात आली पुण्यात. फलटण तालुक्यातल्या गावात आबांचं दोन खुर्च्यांचं दुकान. बारावी झाल्यावर भाऊ तिथं उभा राहिला. मला तिथं उभं राहायचं नव्हतंच असं नाही, पण पुरुषांची दाढी-कटिंग करायला मुलगी कशी ठेवणार, हा प्रश्न कुणी तोंडानं विचारलाही नाही. मी तालुक्याला पार्लरचा कोर्स केला. थ्रेडिंग, वॅक्सिंग, मेंदी सगळं आलं. केस कापणं मात्र नावापुरतं शिकवलं होतं आणि मला तेच करायचं होतं.

म्हणून पुण्यात आले. पश्चिमेकडच्या एका उपनगरातल्या युनिसेक्स सलूनमध्ये असिस्टंट म्हणून लागले. सुरुवातीचं वर्ष खाली पडलेले केस झाडणं, टॉवेल धुणं, शाम्पू करणं, स्टायलिस्टच्या हातात एकेक फॉइल देणं यातच गेलं. पगार 8,000. आल्या आल्या मूळ प्रमाणपत्रं ‘सांभाळायला’ म्हणून काढून घेतली आणि स्टॅम्प पेपरवर सही घेतली. तीन वर्षं सोडायचं नाही, सोडलं तर ट्रेनिंगचे 50,000 भरायचे, आणि नंतर वर्षभर पाच किलोमीटरच्या आत कुठल्याही सलूनमध्ये काम करायचं नाही. मी वाचून सही केली. वाचलं नसतं तरी केलीच असती, कारण दुसरी नोकरी नव्हती.

मालकीणबाई म्हणजे आमच्या मॅडम. त्यांच्याबद्दल वाईटच लिहायचं तर खोटं लिहावं लागेल. त्यांचा हात सुंदर होता आणि त्यांनी मला मनापासून शिकवलं. केसांचे भाग नीट पाडले की निम्मी कटिंग तिथंच झाली, हे त्यांचं. 20 व्हॉल्यूमच्या डेव्हलपरमध्ये सहा टक्के पेरॉक्साइड असतं, 30 मध्ये नऊ; पांढरे केस झाकायला साधारण 20 पुरतं, हे त्यांनी सांगितलं. रंग लावण्याआधी कानामागे पॅच टेस्ट केल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही, ही शिस्तही त्यांचीच. आईच्या ऑपरेशनच्या वेळी न मागता उचल दिली. आणि या सगळ्यावर एक वाक्य ठरलेलं असायचं, “तुला मी घडवलंय, विसरू नकोस.”

स्टायलिस्ट झाल्यावर पगार 16,000 झाला. टार्गेट पगाराच्या पाचपट, म्हणजे 80,000. त्यावर जेवढं काम होईल त्याचे दहा टक्के इन्सेंटिव्ह. ऐकायला ठीक वाटतं. माझे महिने मात्र सतत टार्गेटच्या काठावर येऊन थांबायचे. मग मी घरी वही केली. कुठलं काम, बिल किती, पॅकेज की रोख, रोज झोपण्याआधी लिहायचं. लग्नसराईतल्या एका महिन्यात माझ्या खुर्चीवर 1,30,000 ची बिलं झाली होती. त्यातला तेव्हाचा 18 टक्के जीएसटी वगळला की राहतात साधारण 1,10,000. त्यातलं 60,000 चं काम कलर आणि स्मूदनिंगचं. त्यावर 30 टक्के प्रॉडक्टचा खर्च म्हणून वजा, गेले 18,000. आणखी 26,000 चं काम पॅकेजवाल्या बायकांचं. पॅकेज विकल्याचं श्रेय काउंटरवरच्या मॅनेजरला आधीच मिळालेलं, म्हणून काम करणाऱ्याच्या नावावर निम्मंच धरायचं, गेले 13,000. उरले 79,000. टार्गेट चुकलं, इन्सेंटिव्ह शून्य. वजावटीचे हे नियम कुठंही लिहिलेले नव्हते. विचारलं की मॅनेजर म्हणायचा, “सिस्टिममध्ये तसंच आहे.”

बाकीचं या धंद्यातल्या सगळ्यांना पाठ असेल. दहा मिनिटं उशीर झाला की शंभर रुपये दंड. सकाळी दहाला उघडायचं, रात्री नऊनंतर शटर, पण जाताना उशीर झाला तर त्याचा हिशोब नाही. सणावारी आणि लग्नसराईत आठवड्याची सुट्टी रद्द. टिप एका डब्यात, डबा मॅनेजरकडे. केराटिन करताना गरम इस्त्री केसांवरून फिरली की डोळे चुरचुरायचे. अशा बऱ्याच मिश्रणांतून तापल्यावर फॉर्मल्डिहाइड सुटतं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ते कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांत घातलेलं आहे. आमच्याकडे एसीच्या बंद खोलीत ते काम चालायचं. ग्राहक ते वर्षातून एकदा करून घेते, आम्ही आठवड्यातून कितीदा तरी करायचो. मास्क आणि ग्लोव्हज जास्त वापरले की पगारातून कापायचे.

एवढं सगळं दिसत असताना मी तिथं का थांबले? बाहेरच्या माणसाला हे कोडं वाटतं. खोलीचं भाडं होतं, प्रमाणपत्रं मॅडमच्या कपाटात होती, बाँड होता. पण खरं सांगायचं तर यातलं काहीच मला इतकं धरून नव्हतं, जितकं ते ‘घडवलंय’ धरून होतं. जिनं कात्री हातात दिली तिच्याशी पैशांवरून वाद घालायचा म्हणजे कृतघ्नपणा, असं मला वाटायचं. वहीतले आकडे बरोबर होते, तरी ते मांडताना मलाच चोरी केल्यासारखं होई.

ही गाठ आबांनी सोडवली. गणपतीला गावी गेले तेव्हा वही त्यांच्यापुढे ठेवली. आबांना केराटिन माहीत नाही, पण दुकान चालवणं माहीत आहे. आमच्या दुकानात दुसऱ्या खुर्चीवर कारागीर असतो. त्याचं ठरलेलं असतं निम्मं-निम्मं. जागा, वीज, साबण-क्रीम, ब्लेड आबांचं, हात त्याचा. रात्री गल्ला मोजला की त्याचा वाटा त्याच्या हातात. आबांनी वही दोनदा वाचली आणि विचारलं, “शिकत होतीस तेव्हा झाडलोट कोण करत होतं?” मी म्हटलं, मीच. “टॉवेल? पाणी? सामान मांडणं?” तेही मीच. “मग ती तुझी फी झाली. वर्षभर भरलीस. आता उपकार कसला राहिला?”

ते आणखी एक बोलले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1890 मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, हे मी शाळेत शिकले होते. आबांनी सांगितलं की त्याच वर्षी मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं, आणि त्यांच्या मागेही लोखंडे उभे होते. आबा म्हणाले, “ती त्यांची रोजची कमाई होती. तरी नाही म्हणाले. नाही म्हणणं आपल्या धंद्यात आधीपासून आहे.”

पुण्यात आल्यावर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेले. 1987 च्या कायद्याप्रमाणे बाईला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, हे मला एका ग्राहक ताईंनी सांगितलं होतं. वकीलबाईंनी करार वाचला. नोकरी सोडल्यावर अमुक किलोमीटरच्या आत काम करायचं नाही ही अट 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 पुढे टिकत नाही, म्हणाल्या. ट्रेनिंगवर खरोखर खर्च केला असेल तर मालक वाजवी भरपाई मागू शकतो, पण कागदावर 50,000 लिहिलेत म्हणून ते सगळे मिळतातच असं नाही. आणि माझी तीन वर्षं तर भरत आली होती. आमच्यासारख्या दहाच्या वर माणसांच्या दुकानात, 2017 च्या राज्याच्या दुकाने अधिनियमाप्रमाणे तेव्हा दिवसाला नऊ आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा होती, त्यापुढच्या कामाला दुप्पट दर आणि आठवड्याची सुट्टी. हे ऐकलं तेव्हा मला आनंद झाला नाही, राग आला. इतके दिवस ज्याला मी नशीब म्हणत होते तो नियमभंग होता.

तरीही लगेच राजीनामा दिला नाही. मला ती खुर्ची आवडायची. मॅडमकडे वेळ मागून तीनच गोष्टी सांगितल्या: पॅकेजचं काम पूर्ण धरा, वजावट लिहून द्या, आठवड्याची सुट्टी पक्की करा. मॅडमनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, “अगं, आपण फॅमिली आहोत. फॅमिलीत कुणी असा हिशोब मांडतं का?” मी म्हटलं, “मॅडम, आमच्या घरच्या दुकानात रोज रात्री मांडतात.” त्यांना ते लागलं असावं. दोन दिवसांनी बोलावून म्हणाल्या, “पगारात 2,000 वाढवते, पण बाकीच्यांना सांगू नकोस.”

माझा निर्णय त्या क्षणी झाला. वाढ नको होती असं नाही. पण टार्गेट पगाराच्या पाचपट होतं, म्हणजे 2,000 वाढले की टार्गेट 10,000 नं वाढणार होतं. वजावट तशीच, सुट्टी तशीच, आणि वर गप्प राहण्याची अट. त्या मला अजून एक उपकार देत होत्या आणि मला नियम हवा होता.

एक महिन्याची नोटीस लेखी दिली, प्रतीवर पोच घेतली. वहीची पानं, पगाराच्या बँक नोंदी, रोस्टरचे फोटो आधीच जपून ठेवले होते. शेवटचा पगार आणि प्रमाणपत्रं अडली. वकीलबाईंचं पत्र गेल्यावर आणि कामगार कार्यालयात अर्ज केल्यावर दोन्ही मिळालं. मागच्या इन्सेंटिव्हचे पैसे मात्र मिळाले नाहीत, कारण नियम लिहिलेलेच नव्हते तर मोडले हे कशावरून दाखवणार? काउंटरच्या रजिस्टरमधले ग्राहकांचे नंबर मी घेतले नाहीत. ते दुकानाचे होते. ज्यांना माझाच हात हवा होता त्यांनी मला शोधून काढलं.

माझ्याबरोबरची मणिपूरची मुलगी अजून तिथंच आहे. तिची राहण्याची खोली मॅडमच्या फ्लॅटमध्ये, नोकरी गेली की छप्परही जातं. तिनं सोडावं असं मी तिला सांगत नाही. वही मात्र तिनंही सुरू केली आहे.

आता मी एका छोट्या सलूनमध्ये 40 टक्क्यांवर काम करते. पक्का पगार नाही. पितृपक्षात कलरचं काम निम्म्यावर येतं आणि त्या महिन्यात भाडं द्यायला जीव मेटाकुटीला येतो. लग्नसराईत जुन्या पगारापेक्षा बरंच जास्त हातात येतं. वर्षाचा मेळ घातला तर फायदा आहे, पण मोठा नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण सोडलं की सगळं सोन्याचं होतं असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

सलूनमध्ये काम करणाऱ्या मुलींना एवढंच सांगेन. मूळ प्रमाणपत्र कुणाच्या कपाटात ठेवू नका. इन्सेंटिव्हचा नियम लिहून मागा; देत नसतील तर तो नाहीच असं धरून चला. रोजचं काम रोज स्वतःच्या वहीत लिहा. आणि कुणी तुम्हाला शिकवलं असेल तर त्यांचा मान जन्मभर ठेवा, पण तो पगारातून कापू देऊ नका.