कल्हईचं शास्त्र

बारावीनंतर इंजिनिअरिंग म्हटलं, की घरोघरी एकच नाव ऐकू येतं, कॉम्प्युटर. आमच्या बेलापुरातही तेच. त्यामुळे धाकटीनं ‘मला मेटलर्जी, म्हणजे धातुशास्त्र घ्यायचंय’ म्हटलं, तेव्हा घरात बराच खल झाला.

सासूबाई म्हणाल्या, “कल्हईच शिकायची, तर पुण्याला कशाला जायला हवं?”

पोरगी हसली. “आजी, पितळेच्या पातेल्यात आमटी कळकते नि कथलाचा पातळ थर दिला, की कळकत नाही. असं का, तेच तर शिकायचंय!”

मैत्रिणींनो, आपल्या ओट्याकडेच पाहा ना. स्टीलवरचा १८/८ हा आकडा म्हणजे शंभरात अठरा भाग क्रोमियम, आठ भाग निकेल. क्रोमियममुळे वर न दिसणारा पापुद्रा धरतो, म्हणून गंज चढत नाही. बिडात कार्बन जास्त, म्हणून बिडाचा तवा पडला तर फुटतो. पत्र्याचा फार तर वाकतो. हेच शास्त्र पुढे बॅटरी, विमान नि कॉम्प्युटरच्या चिपपर्यंत जातं.

मग चौकशी केली. १८५४ साली सुरू झालेलं पुण्याचं सीओईपी २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. तिथं सीईटीवर प्रवेश. नागपूरच्या व्हीएनआयटीला जेईई मेन लागते, पवईच्या आयआयटीला अ‍ॅडव्हान्स्ड. कुठं नाव ‘मेटलर्जी’, कुठं जोडीला ‘मटेरियल्स’. नावावर न जाता चारही वर्षांचे विषय नि प्रयोगशाळा पाहाव्यात. वसतिगृहाचा खर्च आधीच मांडावा. आर्थिक दुर्बल, ओबीसी वगैरे प्रवर्गांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना राज्यात २०२४-२५ पासून शुल्कमाफी आहे, तीही विचारावी.

खरा पेच पडला पर्यायांच्या अर्जावर. ह्यांचं म्हणणं, “पहिलं कॉम्प्युटर घाल, दुसरं तुझं.” ऐकायला समजुतीचं वाटतं. पण पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, की तोच पक्का होतो. मग दुसऱ्या क्रमांकावरची आवड कागदावरच राहायची! मी ह्यांना एवढंच म्हटलं, “चार वर्षं अभ्यास तिला करायचाय. नोकरीची काळजी आपण करू, पण पहिली ओळ तिला लिहू द्या.”

ह्यांनी अर्ज तिच्यापुढं सरकवला. तिनं पहिल्या ओळीत पुण्याचं धातुशास्त्र लिहिलं नि तेच मिळालं.

तुमच्याकडे कुणाचा अर्ज भरायचा असेल, तर पहिली ओळ कुणाच्या मनातली आहे, तेवढं आधी विचारा.