हलक्या गोळीच्या बाजूने

हरणासाठी जड गोळीच हवी, असे मी कित्येक वर्षे ठामपणे मानत आलो. .३०८ विंचेस्टर रायफलीत १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) शिशाची गोळी भरायची आणि कुणी नवखा विचारायला आला तर त्यालाही तेच सांगायचे. आज त्याच रायफलीत मी १३० ग्रेनची, अखंड तांब्याची गोळी भरतो. माझे मत का बदलले ते नीट सांगावेसे वाटते. जनावर किती लवकर आणि किती कमी यातनांत मरेल, हे मचाणावर चढण्याआधी, काडतुसांचा खोका निवडतानाच बऱ्याच अंशी ठरलेले असते.

मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात राहतो. इथे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो आणि भगव्या झगझगीत जाकिटांतली माणसे जंगलात शिरतात. भारतातल्या माझ्या आप्तांना हे ऐकून अवघडल्यासारखे होते, आणि ते मला समजते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तिकडे वाढलेल्या पिढ्यांनी शिकार पाहिलेलीच नाही. इथे पांढऱ्या शेपटीची हरणे भरपूर आहेत. ती कोवळी झाडे खुडून खातात, रस्त्यावर मोटारींपुढे येतात. त्यांची संख्या आवाक्यात ठेवण्यासाठी राज्य परवाने देते आणि मारलेले जनावर लोक खातात. ही व्यवस्था मला मान्य आहे, म्हणूनच ती पाळताना निष्काळजीपणा झालेला मला चालत नाही.

जड गोळीचा आग्रह माझा एकट्याचा नव्हता. अमेरिकेत हा वाद फार जुना आहे. जॅक ओ'कॉनर हे शिकारी लेखक १९२५ साली बाजारात आलेल्या .२७० विंचेस्टरचे आणि तिच्या १३० ग्रेनच्या वेगवान गोळीचे आयुष्यभर गुणगान करत राहिले. दुसरे शिकारी लेखक एल्मर कीथ मात्र मोठ्या व्यासाच्या जड गोळीवर अढळ राहिले. १९५५ साली .२४३ विंचेस्टर आणि .२४४ रेमिंग्टन ही दोन काडतुसे एकदमच आली. रेमिंग्टनच्या रायफलीच्या नळीतले आटे ९० ग्रेनपर्यंतच्या हलक्या गोळ्यांना साजेसे होते. लोकांना हरणासाठी १०० ग्रेन हवे होते, ते विंचेस्टरमध्ये मिळाले आणि .२४३ पुढे निघून गेली. दहा ग्रेन म्हणजे पाऊण ग्रॅमही नव्हे. पण विश्वास वजनावर होता.

त्या विश्वासाला कारण होते. साध्या गोळीत शिशाचा गाभा असतो आणि वर तांब्याचे पातळ कवच. अशी गोळी हलकी आणि वेगवान असली, की खांद्याच्या हाडावर आदळताच फुटून विखुरते आणि जखम उथळ राहते. जनावर जखमी अवस्थेत कोसभर जाऊन मरते. शिकाऱ्याला याहून लाजिरवाणे काही नाही. जड गोळीचा बराच भाग वाटेत झिजला, तरी जे उरते ते फुप्फुसांपर्यंत पोचते. थोडक्यात, जास्तीचे वजन म्हणजे वाटेत होणाऱ्या झिजेची आगाऊ तरतूद होती.

ही झीज थांबवण्याची धडपड जुनीच. १९४६मध्ये मूस या अजस्र हरणावर झाडलेली गोळी आत पुरेशी शिरली नाही, म्हणून जॉन नॉसलर यांनी मध्ये तांब्याची आडभिंत असलेली 'पार्टिशन' गोळी घडवली. १९८९च्या सुमारास बार्न्स कंपनीने शिसे पूर्णच काढून टाकले आणि सगळी गोळी तांब्याची केली. तिच्या टोकाला पोकळी असते. आत शिरताच टोक पाकळ्यांसारखे उघडते आणि मागचा दांडा सरळ पुढे जातो. गोळीचे जवळजवळ सगळे वजन शेवटपर्यंत टिकते.

हे समजल्यावर माझ्या जुन्या हिशेबाचा पायाच उरला नाही. झीजच होणार नसेल, तर तिच्यासाठी वजन कशाला वाहायचे? शिवाय तांबे शिशापेक्षा सुमारे एक पंचमांश हलके. तितक्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, काडतुसात दारूची जागा खाते आणि तिला स्थिर ठेवायला नळीतल्या आट्यांचा पीळ जास्त लागतो. पाकळ्या उघडायलाही वेग लागतो. म्हणून इथे हलकेपणा कामाचा ठरतो: १८० ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे २६०० फुटांनी निघते, तर १३० ग्रेनची ३०००च्या वर जाते.

दुसरे कारण माझ्या लेकीने दिले. शिकारीचे प्रशिक्षण घेऊन ती मैदानावर सराव करू लागली, तेव्हा माझ्या काडतुसांच्या धक्क्याने चाप ओढण्याआधीच तिचे अंग आक्रसायचे आणि नेम हलायचा. हलकी गोळी दिल्यावर धक्का कमी झाला आणि गोळ्या एका जागी पडू लागल्या. मग मी स्वतःकडे पाहिले. आक्रसणे माझ्यातही होते, फक्त सवयीने झाकले गेले होते. हृदय-फुप्फुसांत बसलेली हलकी गोळी हरणाला काही क्षणांत संपवते. पोटात बसलेली जड गोळी त्याला तासन्‌तास तडफडवते.

तिसरे कारण ताटातले. २००८ साली नॉर्थ डकोटात एका डॉक्टरांनी गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या खिम्याची पाकिटे सीटी स्कॅनखाली ठेवली, तर त्यांत धातूचे बारीक कण दिसले. ते मांस वाटणे थांबवावे लागले. मुलांच्या मेंदूसाठी शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही. जंगलात टाकलेला कोथळा गरुड खातात आणि त्यातले शिशाचे कणही त्यांच्या पोटात जातात. २०२२ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या ३८ राज्यांतल्या अभ्यासात तपासलेल्या जवळजवळ निम्म्या गरुडांच्या हाडांत शिसे दीर्घकाळ साचल्याच्या खुणा सापडल्या. मेलेल्या गुरांतल्या डायक्लोफिनॅक या औषधाने भारतातली गिधाडे कशी संपत आली, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा धोका वेगळा समजवावा लागत नाही. कॅलिफोर्नियाने काँडोर या गिधाडांसाठी १ जुलै २०१९पासून शिकारीत शिशाच्या गोळीवर पूर्ण बंदी घातली. माझ्या राज्यात तशी सक्ती नाही. पण कायदा येईपर्यंत थांबण्याचे मला कारण दिसत नाही.

हलकी तांब्याची गोळी सर्वगुणसंपन्न नाही. ती महाग पडते. वाऱ्याने जास्त सरकते. लांबवर वेग उतरून सेकंदाला १८०० ते २००० फुटांच्या खाली गेला, की अनेक तांब्याच्या गोळ्यांच्या पाकळ्या धड उघडत नाहीत आणि जखम अरुंद राहते. आमच्या जंगलात नेमाचे अंतर शंभर यार्डांच्या आसपास असते, तिथे हा प्रश्न येत नाही. पश्चिमेच्या उघड्या माळावर येतो. एल्कसारख्या मोठ्या जनावरासाठीही मी अधिक वजनाची तांब्याची गोळीच घेईन. आणि ज्या हलक्या गोळीत अजूनही पातळ कवच आणि मऊ शिसे आहे, तिच्याबद्दलचे माझे जुने मत कायम आहे: हरणावर ती झाडू नये.

म्हणून आता कुणी विचारले, की मी ग्रेनचा आकडा शेवटी सांगतो. आधी विचारतो, गोळी कशाची बनली आहे? तुझ्या नळीच्या आट्यांना ती मानवते का? किती अंतरावर झाडणार आहेस? आणि ती झाडताना तुझा नेम स्थिर राहतो का? या चार प्रश्नांची उत्तरे मैदानावर मिळवल्याशिवाय मचाणावर चढू नये. हरणाला दुसरी संधी नसते, तेव्हा आपली तयारी पहिल्याच गोळीत पुरी पडायला हवी.